बाबांवर चार पानं लिहायची आहेत. ‘कुटुंबवत्सल अभियंता’च्या पुढे गाडी सरकत नाहीये

मधलीपायरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. वय ८३. सगळी नोकरी कालवे आणि धरणांच्या कामांवर, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. वर्ष होईल तेव्हा नातेवाईक आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढायची असं आम्हा तिघा भावंडांचं ठरलं, आणि शाळेत निबंध बरे लिहायचे या एकाच गुन्ह्याखाली काम माझ्या गळ्यात पडलं.

दादाने मसुदा पाठवलाय. पहिलं वाक्य: ‘प्रेमळ पती, कुटुंबवत्सल पिता आणि कर्तव्यदक्ष अभियंता असलेले आमचे वडील...’ यात खोटं काहीच नाही. पण नाव बदललं तर हे शेजारच्या काकांनाही चालेल.

अडचणी दोन. एक, बाबा नेमकं काय काम करायचे हे आम्हाला ठाऊकच नाही. साइटवर जायचे, धुळीने माखून यायचे, एवढंच. कपाटात त्यांचा स्लाइड रूल (कॅल्क्युलेटरच्या आधीची हिशोबाची पट्टी), एक ओळंबा, स्टीलची टेप आणि बारा लांबट वह्या आहेत. वह्यांत नुसते आकडे.

दुसरी अडचण नाजूक. फार वर्षांपूर्वी नोकरीत बाबांच्या हातून एक मोठी चूक झाली होती. बांधलेलं काहीतरी तोडून पुन्हा बांधावं लागलं, त्यांना लेखी मेमो मिळाला. मी तेव्हा चार वर्षांची. आई म्हणते, महिनाभर घरात बोलले नाहीत. दादा म्हणतो हे अजिबात लिहायचं नाही. धाकटी म्हणते लिहायचं. मी नावाप्रमाणे मधे.

तुम्ही काय केलं असतं?

तिरकस_काका
पहिल्यांदा दादाला सांगा, ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द निरोप समारंभाच्या भाषणासाठी राखीव आहे.
बाबांना नमस्कार.

भिंगरी
वाईट वाटलं वाचून. माझेही बाबा अभियंता, मेकॅनिकलवाले. स्लाइड रूल फेकू नका हं प्लीज! आमच्याकडे तो लहान भावाने पट्टी समजून रेघा मारायला नेला आणि मधली सरकपट्टी हरवून आला. बाबा काही बोलले नाहीत, उरलेली पट्टी तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली. ती अजून आहे.

अर्धविराम
संपादनाचं काम करतो, म्हणून आगाऊपणा. विशेषणं सगळी काढून टाका आणि मग काय उरतं बघा. बहुतेकदा काहीच उरत नाही, तिथून खरं लिखाण सुरू होतं.

आणि माहिती हवी असेल तर साहेब लोकांना विचारू नका. त्यांच्याकडून तुम्हाला दादाच्या मसुद्याचीच दुसरी प्रत मिळेल. बाबांच्या जीपचे ड्रायव्हर, त्यांच्या हाताखालचे नकाशे गिरवणारे ट्रेसर, एखादे मुकादम यांच्यापैकी कुणी हयात असेल तर गाठा. माणूस चिडला की काय करायचा, थकला की काय करायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

निळीशाई
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

‘कुटुंबवत्सल’ हा शब्द पुरुषांना फार स्वस्तात मिळतो. माझे वडीलही साइटवरचे अभियंता. ते महिन्यातून दोनदा घरी यायचे आणि आम्ही त्या दोन दिवसांत इस्त्री केल्यासारखे वागायचो. शाळा, दुखणी, घराची गळती, आजीचं आजारपण, सगळं आईने निभावलं. ते गेल्यावर प्रत्येक जण म्हणाला, केवढं काम केलं हो माणसाने! आई शेजारीच बसली होती.

त्यांचं प्रेम नव्हतं असं नाही. पण पुस्तिका काढताय तर ते साइटवर असताना घर कोण चालवत होतं, याला दोन ओळी तरी द्या.

रात्रपाळी
निळीशाई, +१००. मी वीजकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर होतो. मुलगी चालायला लागली तेव्हा मी झोपलेलो होतो. आठवड्यातल्या तीन रात्री मी नसायचो आणि उरलेल्या चार दिवशी असून नसायचो.

यावरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची गोष्ट सांगतो. जॉन रोब्लिंगने तो पूल कल्पिला, १८६९ मध्ये मोजणी करताना पाय चिरडला आणि धनुर्वाताने गेला. मुलगा वॉशिंग्टन रोब्लिंगने काम हाती घेतलं. नदीतळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत उतरून पायाचं काम चालायचं, त्याने तोही अंथरुणाला खिळला. पुढची दहाएक वर्षं तो घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पूल बघायचा आणि साइटवर त्याची बायको एमिली जायची. नुसता निरोप पोचवायला नव्हे. गणित, तारांची ताकद, केबलचं शास्त्र सगळं तिने शिकून घेतलं, कंत्राटदारांशी आणि विश्वस्तांशी तीच बोलायची. १८८३ मध्ये पूल खुला झाला तेव्हा ४८६ मीटरचा मधला गाळा (दोन खांबांमधलं अंतर) जगात सर्वांत लांब होता.

आता त्या पुलावर तिच्या नावाची पाटी आहे. पण अशा किती जणींच्या पाट्या लागल्या?

तिरकस_काका
रात्रपाळी, आमच्या हिच्या नावाची पाटी लावायची म्हटलं तर कुठे लावू? मी आयुष्यात फक्त एक माळा बांधलाय आणि तोही पडला.

ओळंबा
नमस्कार. कालव्यांवर ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे. धाग्यात माझं नाव वस्तू म्हणून आलेलं पाहून थांबलो.

ताई, त्या बारा लांबट वह्या म्हणजे लेव्हल बुकं असणार. पानावर डावीकडून उभे रकाने असतील: स्टेशन, मग बॅक साइट (दुर्बीण मांडल्यावरचं पहिलं वाचन), इंटरमीडिएट (मधली वाचनं), फोर साइट (दुर्बीण हलवण्याआधीचं शेवटचं वाचन), पुढे उंची आणि शेवटी शेरा. डंपी लेव्हल नावाची दुर्बीण तिपाईवर ठेवायची, समोर माणूस आकडे रंगवलेली काठी (स्टाफ) उभी धरतो, दुर्बिणीतून ती वाचायची. ज्याची उंची आधीच ठाऊक आहे अशा खुणेला बेंचमार्क म्हणतात. तिथून सुरुवात करून पुढच्या प्रत्येक बिंदूची उंची काढत जायची. ऊन तापायच्या आत. नंतर हवा थरथरते आणि काठीवरचे आकडे नाचायला लागतात.

‘नुसते आकडे’ म्हणालात. आमच्यासाठी ती रोजनिशी असते हो. शेऱ्याच्या रकान्यात बघा, काहीबाही लिहिलेलं असतं.

आणि एक. पानावर खाडाखोड कशी केलीय तेही बघा. लेव्हल बुकात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा, शेजारी सही. जो गिरवून काळं करतो त्याच्यावर साहेब लगेच संशय घेतात.

(खरं तर ही बुकं ऑफिसात जमा करायची असतात, घरी नव्हे. पण जाऊ दे.)

तिरकस_काका
झालं! मरणोत्तर विभागीय चौकशी.

ओळंबा
हा हा. पेन्शन थांबवत नाही, काळजी नसावी.

अर्धविराम
एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे... मधलीपायरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओळंबाकाकांनी न विचारता देऊन टाकलं बहुतेक.

घरजावई_नव्हे
उत्तर-बित्तर नंतर. मी माझ्या सासऱ्यांचं सांगतो. ते काँक्रीट तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. १५० मिलिमीटरचे ठोकळे ओतायचे, त्यांवर तारीख घालायची, पाण्यात ठेवायचे, सातव्या दिवशी काही फोडायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीचे. एकदा विचारलं, नेमके २८ का? म्हणाले, काँक्रीट पुढेही घट्ट होतच राहतं, पण तोवर बरीचशी ताकद आलेली असते. शिवाय २८ ला सातने भाग जातो, म्हणजे ज्या वारी ओतलं त्याच वारी तपासणी येते, रविवार आडवा येत नाही.

तर मुद्दा: या माणसाने घरातल्या प्रत्येक वस्तूवर तारीख घातली होती. बल्बच्या बुडाशी, बॅटरीच्या सेलवर, झाडूच्या दांड्यावर, नळाच्या वॉशरच्या पुडीवर. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा घरी गेलो आणि दिव्याकडे बघत बसलो, तर बायको कुजबुजली, ‘घाबरू नकोस, तुझ्यावर नाही लिहिणार.’

ते गेल्यावर जिन्यातला बल्ब तीन वर्षं टिकला. गेला तेव्हा बदलायला मीच चढलो आणि बुडाशी त्यांचं अक्षर दिसलं. टाकवेना. सॉक्समध्ये गुंडाळून ठेवलाय माळ्यावर. तिरकसरावांच्या नव्हे, न पडलेल्या.

भिंगरी
घरजावई, रडवलंत आणि हसवलंत!

माझ्या बाबांचं वेड म्हणजे अंदाज. स्लाइड रूलवाल्या पिढीत हे सगळ्यांना असतं म्हणे. पट्टीवरचे आकडे लॉगरिदमच्या अंतराने आखलेले असतात, त्यामुळे दोन लांब्या जोडल्या की गुणाकार मिळतो. पण पट्टी फक्त अंक सांगते, दशांश चिन्ह कुठे ते सांगत नाही. २.४, २४ आणि २४०० पट्टीवर एकाच ठिकाणी. तेव्हा उत्तर साधारण किती येणार हे आधी डोक्यात पक्कं हवं. आम्हाला गणित घालताना ते आधी विचारायचे, ‘अंदाजे किती?’ सांगता आलं नाही तर पेन्सिल हातात द्यायचे नाहीत. १९७२ मध्ये खिशातला पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि पट्ट्या गेल्या. बाबांच्या मते तेव्हापासून लोकांची अक्कलही गेली. हे मत ते दर रविवारी मांडायचे.

शून्य_प्रहर
कॅल्क्युलेटरमुळे अक्कल गेली हे काही पटत नाही. पट्टीच्या काळातही मोठमोठे घोटाळे झालेत की. कॅनडातला क्वेबेक पूल बघा. गाळा ४८८ मीटरचा ५४९ मीटर केला, पण पुलाचं स्वतःचं वजन त्या मानाने वेळेवर पुन्हा मोजलं नाही. खालचे लोखंडी भाग वाकायला लागलेत हे साइटवरच्या लोकांना दिसत होतं. ते कळवण्यात आणि ठरवण्यात वेळ गेला आणि २९ ऑगस्ट १९०७ ला सगळं कोसळलं. ७५ माणसं गेली. साधन पट्टी होतं की संगणक, हा मुद्दाच नाही. दुसऱ्या माणसाने ताज्या डोक्याने तपासलं का, हा आहे.

भिंगरी
शून्य, बाबा असते तर तुमच्याशी तीन तास भांडले असते आणि शेवटी ‘हेच तर मी म्हणत होतो’ म्हणाले असते.

रात्रपाळी
अवांतर: कॅनडातले अभियंते करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, ती त्याच पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सगळीकडे सांगतात. ते खरं नाही. अंगठीची प्रथा १९२५ ची आहे, पण लोखंड त्या पुलाचं नाही.

मीठमसाला_नको
बाबांचा प्रामाणिकपणा दाखवायचा असेल तर एक प्रसंग सुचवते. माझे आजोबा सरकारी काम सरकारी मेणबत्तीवर करायचे आणि ते संपलं की ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावून घरचं पत्र लिहायचे. असं काही असेल तर जरूर लिहा.

तिरकस_काका
मीठमसालाताई, हीच मेणबत्ती विश्वेश्वरय्यांच्या नावावर ऐकली आहे, दोन दिवाणांच्या नावावर ऐकली आहे आणि आमच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या नावावरही ऐकली आहे. मेणबत्ती एकच, माणसं बदलतात.

मीठमसाला_नको
आमच्या आजोबांची खरी होती. :-)

ओळंबा
विश्वेश्वरय्यांचं नाव निघालंच आहे तर मेणबत्तीपेक्षा खडकवासल्याचे दरवाजे सांगा ना! पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. १९०३ साली बसवले. रात्री-बेरात्री पूर आला तरी माणसाने धावत जायची गरज नाही. ज्याने पुराच्या रात्री गेट उघडायला धाव घेतलीय त्याला यातली माया कळते.

असो. ताई, वही उघडलीत का?

मधलीपायरी
सगळ्यांचे आभार. दोन दिवस फोन बाजूला ठेवून बसले होते.

आधी निळीशाई आणि रात्रपाळी यांच्यासाठी. आईला विचारलं, तू एकटीने सगळं कसं निभावलंस? ती म्हणाली, ‘एकटीने कशाला? पत्रं होती की.’ आणि ट्रंकेतून गठ्ठा काढला. दर बुधवारचं पत्र. मंडळी, बाबांनी आईला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर विषय आणि संदर्भ आहे.

‘विषय: धाकटीचा खोकला व इतर बाबी. संदर्भ: तुझे १२ तारखेचे पत्र.’ खाली मुद्दे क्रमांकाने. मुद्दा ३: ‘मोरीच्या उताराबाबत. तांब्याभर पाणी ओतून ते कोठे थांबते ते खडूने आखून ठेवणे. मी शनिवारी पाहीन.’ मुद्दा ५ फक्त एवढाच: ‘तू बरी आहेस ना, ते लिहिले नाहीस.’

आईची उत्तरं बाबांनी जपली होती. एक उघडलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की खोकला थांबला आहे, मोरी तुंबली आहे आणि प्रस्तुत पत्नी बरी आहे.’ आई वाचताना इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्हाला आजवर वाटत होतं घरात विनोदी कुणी नाही.

निळीशाई, तरी तुमचं म्हणणं खरं आहे. मोरी तिनेच उपसली. ते जाणार पुस्तिकेत.

निळीशाई
‘प्रस्तुत पत्नी’!!! हे पत्र जसंच्या तसं छापा. माझी हरकत मागे घेत नाही, पण तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

तिरकस_काका
मुद्दा ५ वर आवंढा गिळतोय. प्रस्तुत काका आज विनोद करणार नाहीत.

अर्धविराम
पहिलं पान मिळालं तुम्हाला. दादांचा मसुदा सन्मानाने परत करा.

मधलीपायरी
आता वह्या. ओळंबाकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रकाने ओळखता आले. शेऱ्यांत खरंच कायकाय आहे. ‘वारा फार, काम थांबविले.’ ‘स्टाफ धरणारा नवीन, काठी तिरपी धरतो.’ आणि एके ठिकाणी नुसतं ‘मुलगी झाली.’ तारीख ताडून पाहिली, ती मीच. त्याच पानावर त्यानंतर १४ वाचनं घेतलीत. म्हणजे तार आल्यावरही पान पुरं करूनच निघाले असणार. यावर हसावं की चिडावं ते अजून ठरत नाहीये.

चौथ्या वहीत एका पानावर अगदी पहिल्या ओळीत एक रेघ आहे. आधी ४१२.२६५ लिहिलंय, त्यावर आडवी रेघ, वर ४१२.३६५, सही आणि तारीख. पण सहीची तारीख त्या पानाच्या तारखेच्या सात महिन्यांनंतरची! पानाच्या तळाशी काहीतरी बेरीज-वजाबाकी करून ‘तपासले, जुळते’ असं लिहिलंय आणि त्यावरही रेघ आहे. काका, हेच का ते?

ओळंबा
ताई, हेच.

जरा नीट सांगतो. पहिली ओळ म्हणजे बेंचमार्क. त्याची खरी उंची ४१२.३६५ मीटर. ऑफिसच्या रजिस्टरातून उतरवताना ३ चा २ झाला. मग त्यावरून काढलेली प्रत्येक उंची खऱ्यापेक्षा १० सेंटिमीटरने कमी निघाली, आणि त्या हिशोबाने जे काही बांधलं त्याचा तळ १० सेंटिमीटर वर आला.

लोकांना वाटेल १० सेंटिमीटरने काय होतं? कालव्याचा उतार फार मंद असतो. ५००० ला १ धरला तर किलोमीटरला २० सेंटिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर हा अर्ध्या किलोमीटरचा उतार झाला. मधेच तळ तेवढा उचलला गेला की पाणी मागे फुगतं, गाळ बसतो, काठाची राखलेली उंची खाल्ली जाते. तोडण्यावाचून इलाज नसतो.

आता तळाची बेरीज. सगळ्या बॅक साइटची बेरीज वजा सगळ्या फोर साइटची बेरीज, हे शेवटची उंची वजा पहिली उंची याच्याइतकं यायला हवं. हे प्रत्येक पानाखाली करतात. वाईट गोष्ट अशी की ही तपासणी फक्त तुमचं गणित तपासते. सुरुवातच चुकीच्या आकड्यापासून केली तरी ती छान जुळते. परत त्याच बेंचमार्कवर येऊन काम बंद केलं तरी जुळते. दुसऱ्या माहीत असलेल्या बेंचमार्कवर जाऊन बंद केलं तरच चोरी पकडली जाते. तसा बेंचमार्क जवळ नसेल किंवा वेळ नसेल. कारण आता कोण सांगणार.

त्यांचं गणित बिनचूक होतं, ताई. म्हणून महिनाभर बोलले नसतील. बेरीज चुकली असती तर माणूस स्वतःला दोन शिव्या देऊन मोकळा होतो.

हे माझ्याही हातून एकदा झालंय. माझं काम सुरू व्हायच्या आत सापडलं, एवढाच फरक.

शून्य_प्रहर
रजिस्टरवरून उतरवलेला आकडा दुसऱ्याने वाचून पडताळायचा नियम नव्हता का?

ओळंबा
नियम होता. दुसरा माणूस नव्हता.

घरजावई_नव्हे
सात महिन्यांनी जुनी वही काढून त्यावर रेघ मारून सही करणं... कुणी सांगितलं नसणार हो त्यांना. मेमो तर मिळालेलाच होता.

मधलीपायरी
काका, धन्यवाद. हे सगळं काल रात्री आईला वाचून दाखवलं. तिला मेमो ठाऊक होता, १० सेंटिमीटर ठाऊक नव्हते. ती एवढंच म्हणाली, ‘मला वाटलं होतं माझ्यावर रागावलेत.’ पंचेचाळीस वर्षं तिला तसं वाटत होतं.

आज सकाळी पाचव्या वहीपासून पुढच्या उघडल्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर बेंचमार्कचा आकडा आहे आणि शेजारी तोच अक्षरांत. पाचवीत ‘चारशे बारा दशांश तीन सहा पाच.’ अशीच पद्धत पुढच्या आठही वह्यांत. आधीच्या चारांत कुठेच नाही.

आता हे वाचा. आमच्या घरी फोनशेजारी नंबरांची एक वही होती. त्यात बाबा प्रत्येक नंबर आकड्यांत लिहून खाली अक्षरांतही लिहायचे. दोन, चार, सात, सात, शून्य... आम्ही तिघं त्यावरून त्यांची इतकी थट्टा करायचो! पाहुण्यांसमोर नक्कल करायचो. गॅसच्या सिलिंडरची तारीख अक्षरांत. माझा परीक्षा क्रमांक अक्षरांत, तळहाताएवढ्या चिठ्ठीवर, प्रत्येक पेपरला नवी चिठ्ठी. धाकटीने एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्हाला आकडे वाचता येत नाहीत का? तेव्हा ते म्हणाले होते, ‘येतात गं, पण ते फसवतात.’ आम्ही हसलो होतो.

दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, नंबरांची वही माझ्याकडे आहे, मी स्कॅन करून पाठवतो. त्या चुकीबद्दल लिहायचं की नाही यावर काही बोलला नाही, पण फोन ठेवताना म्हणाला, ‘१० सेंटिमीटर बरोबर लिही, इंच करू नकोस.’

भिंगरी
मी आता माझ्या बाबांचा ड्रॉवर उघडायला चालले आहे. नंतर बोलू.

मीठमसाला_नको
माझी मेणबत्ती मागे घेते. खरी होती, पण मागे घेते.

अर्धविराम
मला वाटतं नंबरांच्या वहीचं पान आणि लेव्हल बुकाचं पान समोरासमोर छापा. मधे काही लिहू नका. लिहायचा मोह होईल, आवरा.

निळीशाई
आणि ‘मला वाटलं होतं माझ्यावर रागावलेत’ हे गाळू नका. पंचेचाळीस वर्षं ही लहान चूक नाही, आणि ती कुठल्याच पानाच्या तळाशी जुळत नाही.

मधलीपायरी
नाही गाळणार. आईची परवानगी विचारली. म्हणाली, ‘लिही, पण मी त्यांना विचारलं नाही हेही लिही.’

तिरकस_काका
प्रस्तुत काकांकडून या बाईंना दंडवत.

ओळंबा
ताई, तुम्ही शेवटच्या वहीच्या पहिल्या पानाचा जो फोटो टाकलाय तो मोठा करून बघतोय. तो बेंचमार्क माझ्या माहितीतला असावा असं वाटतंय, मी त्याच कालव्याच्या खालच्या टप्प्यावर होतो. डोळे आता साथ देत नाहीत. शेवटचा आकडा १ आहे की ७?

मधलीपायरी
सात. शेजारी अक्षरांत आहे.